माडावर चढवलेली तार आणि गवतात पसरलेल्या बत्तीस तारा

दिवाळी झाली की मी दरवर्षी चार दिवस जास्तीची रजा टाकून गावी थांबते, कारण रेडिओच्या अँटेनाच्या तारा चढवायच्या त्या तेव्हाच. पाऊस गेलेला असतो, वाडीतलं गवत काढून झालेलं असतं, विजा थांबलेल्या असतात आणि रात्री मोठ्या व्हायला लागलेल्या असतात. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत, मागे माडांची वाडी, वाडीच्या वरच्या अंगाला गडगा आणि गडग्यापलीकडे नुसता कातळाचा सडा. माझं हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स याच पत्त्यावरचं आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी फक्त ऐकते, बोलायचं ते इथून.

गेल्या महिन्याभरात तीन-चार नव्या हॅम मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, १६० मीटरसाठी कुठली अँटेना विकत घेऊ?" प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगितलं आणि मग वाटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं, म्हणजे मी जे तीन हिवाळे घालवून शिकले ते दुसऱ्या कुणाला एका हिवाळ्यात मिळेल.

नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. लो बँड म्हणजे लांब लहरींचे हौशी बँड, १६०, ८० आणि ४० मीटर, हे आकडे लहरींच्या लांबीचे. आपल्याकडे १६० वर १८२० ते १८६० किलोहर्ट्झ एवढाच तुकडा मिळालाय, ८० वर ३५०० ते ३७०० आणि वरती ३८९० ते ३९०० ची बारीक पट्टी, ४० वर ७००० ते ७२००. अर्ध्या लहरीच्या डायपोलची, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेची, लांबी काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ ला २० मीटर, ३.६ ला जवळपास ४०, आणि १.८४ ला ७८ मीटर. ही लांबी ऐकूनच लोक गार पडतात, पण खरं सांगायचं तर लांबीचं काहीतरी जमतं, तार वाकवता येते, दुमडता येते. अडतं ते उंचीपाशी. आडवा डायपोल लांबच्या गप्पांसाठी चांगला चालायला हवा तर तो निदान अर्धी लहर उंच पाहिजे, म्हणजे १६० ला ८० मीटर, पंचवीस-सव्वीस मजली इमारतीएवढा. तेवढं कोण नेणार?

मग कमी उंचीवर बांधला तर काय होतं? तर बहुतेक सगळी पॉवर सरळ डोक्यावर आकाशात जाते आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परत आपल्याच आसपासच्या तीन-चारशे किलोमीटरात पडते. याला वाईट म्हणू नका हं. सकाळी ४० मीटरवर कोल्हापूर, नाशिक, बेळगाव सगळे एका खोलीत बसल्यासारखे ऐकू येतात ते याच्यामुळेच, आणि २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा फोन बंद पडल्यावर हॅम लोकांनी जे निरोप पोचवले, तसल्या कामाला हाच प्रकार लागतो, कारण डोंगर आड येत नाहीत. अंधार पडल्यावर ४० मीटरचा बँड लांब पळतो, शेजारच्या जिल्ह्यातला माणूस गायब होतो आणि दोन हजार किलोमीटरवरचा ऐकू यायला लागतो, तेव्हा जवळच्यांसाठी ८० वर जायचं. म्हणून पहिली अँटेना कुठली विचाराल तर मी अजूनही ८० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही असंच सांगते. एक उंच टोक, दोन बाजूंना उतरत्या तारा, झालं.

माझी पहिली तीच होती. फणसाच्या झाडावर ११ मीटरवर मधलं टोक, दोन्ही पाय उतरत गडग्यापर्यंत. तार कुठली? घराच्या वायरिंगची, दीड स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड, इलेक्ट्रिकच्या दुकानात ९० मीटरचं बंडल मिळतं तीच. एका बंडलात ८० चा डायपोल होऊन ४० चा पण होतो. पीव्हीसीचं आवरण असल्यामुळे ही तार सूत्रापेक्षा दोन-चार टक्के कमी लागते, मी साडेचाळीस मीटर कापली होती आणि शेवटी ३८.६ वर येऊन थांबले. इथं एक विनंती, कापून टाकू नका. टोकाची तार मागे दुमडून स्वतःवरच पीळ द्यायचा, नॅनोव्हीएनएवर, म्हणजे अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर, बघायचं, परत थोडी दुमडायची. कापलेली तार परत जोडत बसायला कुणाला आवडत नाही, आणि झाडावरून चार वेळा उतरवताना तर नाहीच.

त्या व्ही नं मला दोन वर्षं खूप दिलं. पण मला १६० चं वेड होतं. रात्री दोन वाजता १८४० किलोहर्ट्झला एफटी८ च्या, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या डिजिटल मोडच्या, पडद्यावर युरोपची दोन-तीन नावं फिकट फिकट उमटायची आणि जायची, आणि आपण मात्र तिथपर्यंत पोचत नाही याची हुरहूर लागायची. लांब जायचं तर सिग्नल क्षितिजाजवळून, अगदी खालच्या कोनातून निघायला हवा आणि कमी उंचीत तो देणारी एकच गोष्ट, उभी तार. १६० ची पाव लहर म्हणजे साधारण ३९ मीटर. एवढा उंच माड कुठं असतो? म्हणून इन्व्हर्टेड एल. जमेल तेवढी तार सरळ वर न्यायची आणि उरलेली आडवी दुसऱ्या झाडाकडे ओढायची.

आमच्या वाडीत विहिरीजवळ एक जुना माड आहे, सगळ्यात उंच. नारळ पाडायला येणारे पाडेली आहेत त्यांना काकांनी समजावून सांगितलं आणि त्यांनी नारळ पाडता पाडता वर एक कप्पी बांधून दिली, तिच्यातून दोरी सोडली. हे फार महत्त्वाचं आहे, तार थेट झाडाला कधीच बांधू नका. माड वाऱ्यात किती हलतो हे खालून कळत नाही, पहिल्या वर्षी मी दुसरं टोक घट्ट बांधलं होतं आणि डिसेंबरातल्या एका वाऱ्याच्या रात्री तार तुटली. आता दुसऱ्या टोकाची दोरी सुरंगीच्या झाडावरच्या कप्पीतून खाली येते आणि तिला वाळू भरलेला पाच लिटरचा कॅन लटकतो. माड हलला की कॅन वर-खाली होतो, तार शाबूत. दोरी पण बघून घ्या, दुकानातली स्वस्त निळी नायलॉन दोरी कोकणातल्या उन्हात एका वर्षात हातात चुरगळते. आणि उभी तार खोडापासून मीटरभर तरी लांब ठेवायची, झावळ्या तारेला घासायला नकोत, खास करून टोकाजवळ, कारण टोकाला व्होल्टेज जबरदस्त असतं.

तर झालं असं की १५ मीटर उभी, २४ मीटर आडवी तार चढली, खाली चार रेडियल, म्हणजे मुळापासून जमिनीवर चहूकडे जाणाऱ्या तारा, पसरले, प्रत्येकी २० मीटरचे, आणि मीटर लावला तर एसडब्ल्यूआर १.१, १.० म्हणजे पूर्ण जुळणी. माझा आनंद काय सांगू! पहिल्याच दिवशी इतकी छान जुळलेली अँटेना. रात्री बसले. श्रीलंका आली, आखातातले एक-दोघे आले, आणि मग काहीच नाही. दुसऱ्या रात्री तेच. आठवडाभर तेच.

इथं जे घडत होतं ते समजायला मला आख्खा एक हिवाळा लागला, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

उभ्या अँटेनाच्या मुळाशी मीटर जो रेझिस्टन्स दाखवतो तो दोन गोष्टींची बेरीज असते. एक म्हणजे रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे जी पॉवर खरंच हवेत जाते तिचा. दुसरा जमिनीचा, म्हणजे जी पॉवर मातीत जाऊन उष्णता होते तिचा. पूर्ण पाव लहरीच्या सरळ उभ्या तारेचा रेडिएशन रेझिस्टन्स ३६ ओहम. पण माझी तार फक्त १५ मीटर उभी, म्हणजे १६० मीटरच्या हिशोबात अगदीच बुटकी, तिचा हिशोब केला तर तो १२ ओहमच्या आसपास येतो. आणि मीटर दाखवत होता ५० ओहम! मग उरलेले ३८ ओहम कुठून आले? जांभ्याच्या जमिनीतून. म्हणजे मी १०० वॅट टाकत होते तेव्हा २४ वॅट हवेत आणि ७६ वॅट कातळात जात होते, आणि मीटर मला सांगत होता की सगळं उत्तम आहे. मीटर खोटं बोलत नव्हता, त्याला जे विचारलं तेवढंच तो सांगत होता. एसडब्ल्यूआर फक्त एवढंच सांगतो की रेडिओ आणि अँटेना एकमेकांशी जुळले आहेत. पॉवर कुठं गेली ते तो सांगत नाही. डमी लोडचा, म्हणजे पॉवर नुसती जिरवणाऱ्या रेझिस्टरचा, एसडब्ल्यूआर १.० असतो आणि त्याच्यातून काहीच बाहेर जात नाही.

मग रेडियल वाढवायला घेतले. काकांच्या घराचं वायरिंग नव्यानं केलं होतं तेव्हा वायरमननं काढलेल्या जुन्या तारांचं एक पोतंच्या पोतं माळ्यावर पडून होतं, त्यातल्या १०-१२ मीटरच्या तारा कापल्या. जमिनीवर टाकलेल्या रेडियलची लांबी अचूक असावी लागत नाही, माती लागूनच असते त्यामुळे ती ट्यून वगैरे काही होत नाही. आणि तेवढीच तार असेल तर चार लांब रेडियलपेक्षा पुष्कळ आखूड रेडियल चांगले, कारण जास्तीत जास्त करंट मुळाच्या जवळच्या जमिनीतून वाहतो. सगळीकडे एकसारखे गोल पसरता आले नाहीत, एका बाजूला विहीर आणि एका बाजूला गोठा, तर तिथं गडग्याच्या कडेकडेनं वळवले. चालतं. सोळा रेडियल झाल्यावर मीटर ३४ ओहमवर आला, बत्तीस झाल्यावर २७ वर. म्हणजे एसडब्ल्यूआर १.१ वरून १.८५ झाला! ज्याला माहीत नाही तो म्हणेल अँटेना बिघडली, रेडियल काढून टाका. पण हिशोब करून बघा, २७ पैकी १२ म्हणजे ४४ टक्के. २४ टक्क्यांवरून ४४ वर. अडीच डीबीच्या वर फायदा, जुन्या तारांच्या पोत्यात. तेवढ्यासाठी अँप्लिफायर घ्यायचा तर किती पैसे गेले असते याचा विचार करा.

त्या रात्री, म्हणजे जानेवारीतल्या एका पहाटे, इटली आली. मग पोलंड. मग फिनलंड. मी उठून ओट्यावर जाऊन उभी राहिले थोडा वेळ, अंगावर शाल घेऊन, आणि अंधारात तो माड बघत होते.

एक गैरसमज मला फार ठिकाणी दिसतो म्हणून सांगते. अर्थिंगचा खड्डा, त्यात रॉड, मीठ-कोळसा घातला की अँटेनाची जमीन तयार झाली, असं वायरमन पण सांगतात आणि जुने लोक पण. ते घराच्या सुरक्षिततेसाठी आणि विजेसाठी हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला एकटा रॉड जवळजवळ निरुपयोगी आहे, करंटला पसरायला जागा लागते आणि ती वरच्या तारा देतात. त्यातून आपला जांभा म्हणजे फारच वाईट वाहक. देशावरची काळी माती याच्यापेक्षा कितीतरी बरी, आणि समुद्राचं पाणी तर हजारो पटींनी बरं, म्हणून पाण्याच्या अगदी काठावर उभी तार लावणारे लोक एवढे लांब पोचतात. आमच्याकडे मधे डोंगर आहे त्यामुळे समुद्राचा आम्हाला काही फायदा नाही.

२७ ओहम रेडिओच्या ५० शी जुळवायला मी विकतचा ट्यूनर नाही घेतला. तार बरीच जास्त लांब केली, मग ती इंडक्टिव्ह होते आणि रेझिस्टन्सही वर सरकतो, आणि मुळाशी सिरीजमध्ये एक कंडेन्सर लावून इंडक्टिव्ह भाग काढून टाकला. तो कंडेन्सर आजोबांच्या बंद पडलेल्या व्हॉल्व्ह रेडिओतला जुना गँग कंडेन्सर आहे. १०० वॅटला तो बिनतक्रार चालतो, त्याला पावसा-दवापासून वाचवायला प्लास्टिकच्या डब्यात ठेवलाय. त्याच डब्यात कोअॅक्सवरचा चोक, म्हणजे रेडिओकडून येणाऱ्या आरजी-५८ केबलचे फेराइटच्या मोठ्या कड्यावर बारा वेढे. चोक गाळू नका. नाहीतर कोअॅक्सचं बाहेरचं जाळीचं आवरण हाच एक रेडियल होऊन बसतो आणि घरातला सगळा कचरा थेट रेडिओत घेऊन येतो.

आता दुसरी अर्धी गोष्ट, ऐकण्याची. माझ्या मते लो बँडवर हीच जास्त मोठी आहे. सिग्नल तिकडे पोचायला लागला पण मला ते लोक ऐकूच येईनात. पीएसके रिपोर्टर या वेबसाइटवर दिसायचं की जर्मनीत मला ऐकलंय, आणि माझ्याकडे त्याच वेळेला सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर नुसत्या खरखरीवर एस-८ ला बसलेला. उभी तार सगळीकडून ऐकते, त्यात जवळच्या घरांची खरखर सगळ्यात मोठी. आधी घर तपासलं. रेडिओ बॅटरीवर चालवला, काकांना सांगून मेन स्विच बंद केला, खरखर एकदम एस-४ वर आली. म्हणजे चोर घरातच होता. मग एक एक एमसीबी चालू करत गेलो, काका बोर्डापाशी आणि मी रेडिओपाशी, "हां, हा नाही, पुढचा." शेवटी सापडलं ते देवघर. देवाच्या मखराला लावलेली एलईडीची माळ आणि तिचा छोटा ॲडॉप्टर. काकूंना सांगायला मला जड जात होतं, पण त्याच म्हणाल्या, "अगं मग समई आहे की, रात्री माळ कशाला हवी." त्या दिवसापासून मी गावी असले की माळ बंद असते. बाकी मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर, इन्व्हर्टर यांना फेराइटची कडी घातली. शेजारच्या घरातलं आपण बंद करू शकत नाही, तिथं जाऊन गोडीनं बोलायचं, एक चांगला चार्जर स्वतः आणून द्यायचा. मी दोन घरी दिलेत.

त्यानंतरही मोठा फरक पडला तो ऐकायची वेगळी अँटेना लावल्यावर. बेव्हरेज. हॅरॉल्ड बेव्हरेज या अमेरिकन इंजिनिअरची ही अँटेना, १९२१ चं पेटंट आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॉल गॉडली नावाचे एक गृहस्थ बोटीनं अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला गेले, किनाऱ्याजवळच्या शेतात तंबू ठोकून थंडी-पावसात त्यांनी ही लांबलचक तार अंथरली आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांचे २०० मीटरच्या आसपासचे सिग्नल ऐकले. शंभर वर्षं उलटून गेली तरी १६० वर ऐकण्यासाठी जागा असेल तर हिच्यापेक्षा साधी आणि चांगली गोष्ट मला माहीत नाही.

आणि यातली गंमत अशी की बेव्हरेजला वाईट जमीनच आवडते. लहर खराब वाहक जमिनीवरून जाताना थोडी पुढे कलते, आणि त्या कलण्यामुळेच आडव्या तारेत करंट तयार होतो. ज्या कातळानं माझे ७६ वॅट खाल्ले तोच कातळ इथं कामाला आला. भात कापून झाल्यावर सड्यावर कुणाचं काही नसतं, ज्यांची जमीन आहे त्यांना विचारून मी १८० मीटर तार वायव्येकडे सरळ ओढली, युरोपच्या रोखानं. दोन मीटर उंचीवर, बांबूच्या काठ्यांवर, पायवाट जिथं आडवी येते तिथं तीन मीटर केली, डोक्यावर भारा घेऊन बायका जातात, तार लागता कामा नये. लांबच्या टोकाला ४५० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे पाठीमागून येणारं ती ऐकत नाही. घराकडच्या टोकाला ९:१ चा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि तिथून केबल टीव्हीची आरजी-६ घरापर्यंत. थोडा मिसमॅच राहतो, ऐकण्याच्या कामात त्यानं काही बिघडत नाही. कातळात रॉड जात नाही म्हणून दोन्ही टोकांना पाच-पाच मीटरच्या चार तारा जमिनीवर पसरल्या, त्याच अर्थिंग.

पहिल्यांदा लावली की मन खट्टू होतं कारण एस-मीटर हलतच नाही. सगळं एल पेक्षा खूप कमी ऐकू येतं. पण कान देऊन ऐका. सिग्नल दोन पायऱ्या खाली गेलाय आणि खरखर पाच पायऱ्या. एल वर जिथं नुसता तळणीचा आवाज होता तिथं बेव्हरेजवर मोर्सचे टिंब-रेघ स्वच्छ निघून येतात. लो बँडवर ऐकण्यासाठी अँटेना जोरात असायची गरजच नसते, तिला न ऐकता सोडून देता यायला हवं.

सड्यावरच्या अडचणी वेगळ्या. एका फेब्रुवारीत वणव्यात निम्म्या काठ्या आणि चाळीस मीटर तार गेली. गुरं काठ्यांना अंग घासतात. पण दर वर्षी उभी करायला आम्हाला दोन तास लागतात, बस.

एवढी जागा नसेल तर के-नाइन-ए-वाय लूप करा, गॅरी ब्रीड यांनी १९९७ मध्ये मांडलेला. मधे साडेसात मीटरचा एक बांबू, त्याच्यावरून खाली उतरणारा २६ मीटर घेराचा तारेचा लूप, एक रेझिस्टर, तोच ९:१. एकमेकींना काटकोनात दोन लूप लावून रिलेनं चार दिशा बदलता येतात. आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांनी मीटरभर व्यासाचा छोटा लूप घ्यावा, तो हातानं फिरवता येतो आणि त्याला दोन बाजूंना असा एक कोन असतो जिथं तो बहिरा होतो. तो कोन लिफ्टच्या मोटरकडे नाहीतर सोलर इन्व्हर्टरकडे करायचा. माझ्या फ्लॅटच्या खिडकीत तोच आहे. गच्चीची परवानगी मिळाली तर ४० मीटरसाठी २० मीटरची एंड-फेड, म्हणजे एका टोकाला केबल जोडलेली, तार आणि ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, तेवढ्यात ४० वर सगळं जग मिळतं. १६० चा हट्ट फ्लॅटमधून धरू नका असं मी मनापासून सांगते, त्यापेक्षा ४० वर जीव लावा.

विकतच्या अँटेनांबद्दल विचारलंत म्हणून, एकाच खांबात सगळे बँड आणि रेडियलची गरज नाही असं ज्याच्यावर लिहिलंय त्याच्यापासून लो बँडसाठी लांब राहा. ८-९ मीटरच्या खांबात १६० बसवायचा तर मोठी कॉइल घालावी लागते, रेडिएशन रेझिस्टन्स दोन-तीन ओहमवर येतो आणि मग वरचा हिशोब परत करून बघा. तेच पैसे चांगल्या तारेत, कप्प्यांमध्ये, फेराइटमध्ये आणि एका नॅनोव्हीएनएमध्ये घाला.

वेळ कुठली? दिवसा आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा डी थर हे बँड गिळून टाकतो, १६० तर पूर्णच. सूर्य मावळला की तो थर विरतो. डिसेंबरअखेर आमच्याकडे सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, तेव्हा जपानमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले असतात, त्या वेळेला ईशान्येकडे कान लावायचा. आणि पहाटे सूर्य उगवायच्या आधीचा अर्धा तास, साडेसहा ते सात, हा युरोपसाठी सोन्यासारखा. तिकडे मध्यरात्र असते, इकडे अंधार नुकताच विरघळत असतो, आणि रात्रभर न निघालेले सिग्नल पाच-दहा मिनिटं अचानक वर येतात आणि मग मिटल्यासारखे जातात. त्या दहा मिनिटांसाठी मी चहा साडेसहाच्या आत पिऊन घेते. एप्रिल-मे मध्ये वळीव सुरू झाला की विजांची कडकड हजार किलोमीटरवरून पण ऐकू येते, तेव्हा ८० आणि १६० बंद करून टाकते.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. विजेच्या लाइनच्या वरून किंवा खालून तार कधीही न्यायची नाही, आणि तुटली तर कुठं पडेल, दोरी सुटली तर कुठं झुलेल हे आधी बघायचं, लाइनपर्यंत पोचत असेल तर ती जागा सोडायची. दोरी फेकताना सुद्धा, ओली दोरी म्हणजे तारच. दुसरं, वळवाच्या आधी सगळं खाली. कोअॅक्स नुसता रेडिओतून काढून टेबलावर ठेवायचा नाही, खिडकीच्या बाहेर काढायचा. टोकांना ट्रान्समिट चालू असताना हात लागला तर भाजतं, म्हणून मुळाचा डबा आणि खाली येणारं टोक पोरांच्या उंचीच्या वर.

परवा काकांचा फोन आला होता. पाडेली पुढच्या आठवड्यात येणार आहेत, मोठ्या माडाची कप्पी गंजलीय, नवीन आणतेस का पितळेची, आणि या वेळेला आणखी एक कप्पी पलीकडच्या माडाला पण बांधून घ्यायची का? मी हो म्हटलं. तो माड विहिरीवरच्यापेक्षा दीड-दोन हात उंच आहे असं ते म्हणतात आणि त्याच्या बुंध्याशी गोठा नाही, म्हणजे तिथं रेडियल पूर्ण गोल पसरतील. माळ्यावरच्या पोत्यात अजून किती तार उरलीय ते त्यांना मोजून ठेवायला सांगितलंय.